ब्रिस्टलचा धक्का

ब्रिस्टलच्या एम शेड संग्रहालयात एक माणूस उताणा पडलेला आहे. ब्राँझचा, चांगला थोराड. अंगात लांब कोट, डोक्यावर खांद्यापर्यंत रुळणाऱ्या कुरळ्या केसांचा टोप. कोटावर आणि तोंडावर लाल-निळ्या रंगाचे फराटे आहेत, आणि ते पुसले जाऊ नयेत याची संग्रहालयाने खास काळजी घेतली आहे. एक हात हनुवटीला लावलेला. चौथऱ्यावर उभा होता तेव्हा ही मुद्रा चिंतनाची वाटत असेल. आडवा झाल्यावर ती झोप न लागलेल्या माणसाची वाटते.

“मावशी, हा एडवर्ड कोल्स्टन,” भाची म्हणाली. ती इथे विद्यापीठात शिकते. “हा इथे कसा आला ते या खोलीत उभं राहून नाही कळायचं. गावभर पायपीट करावी लागेल. शूज आणलेयस ना?”

शूज होते. दोन दिवस फिरलो.

लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने पावणेदोन तासांत ब्रिस्टल येतं. लोकवस्ती पावणेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम शहराएवढी. बंदर म्हणून मनात जे चित्र घेऊन जावं, ते मात्र दिसत नाही. समुद्र कुठेच नाही. एव्हन नावाची अरुंद नदी सेव्हर्नच्या खाडीला मिळते, आणि त्या मुखापासून दहा-बारा किलोमीटर आत हे बंदर. या खाडीची भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. उधाणाला पाणी १४ मीटरपर्यंत चढतं-उतरतं. मुंबईत उधाणाची भरती पाच मीटरला टेकली तरी पेपरात बातमी येते. इथे ओहोटीला जहाजं चिखलात बसायची, कलंडायची, सैल बांधलेला माल कोसळायचा. १८०९ साली विल्यम जेसप या अभियंत्याने नदीचा प्रवाह बाजूने वळवून, दरवाजे घालून शहरातलं पाणी कोंडलं. तेव्हापासून शहराच्या मध्यभागी भरती नाही, ओहोटी नाही. धक्क्यावर बसून कॉफी पिणाऱ्यांच्या पायाशी पाणी दिवसभर एकाच पातळीवर असतं.

हे बंदर कशावर मोठं झालं, ते इथली माणसं आता आडपडदा न ठेवता सांगतात. १६९८ ते १८०७ या काळात इथून सुमारे २१०० जहाजं गुलामांच्या व्यापारासाठी निघाली. ब्रिस्टलहून पितळी भांडी, कापड, बंदुका भरून आफ्रिकेचा किनारा. तिथून माणसं भरून वेस्ट इंडीज. तिथून साखर, रम आणि तंबाखू भरून पुन्हा घर. त्या जहाजांतून नेलेल्या माणसांचा अंदाज पाच लाखांच्या घरात जातो. त्यांतली बहुसंख्य माणसं ब्रिस्टलला आलीच नाहीत. आली ती साखर. शहरात तिचे वीसेक कारखाने होते. गुन्हा समुद्रापलीकडे आणि गोडवा घरात, अशी ती सोय होती.

कोल्स्टन या धंद्याच्या आधीच्या पिढीतला. जन्म १६३६ चा, मृत्यू १७२१ चा. रॉयल आफ्रिकन कंपनीचा तो एक कारभारी. तो तिथे असतानाच्या काळात कंपनीने सुमारे ८४ हजार माणसं गुलाम म्हणून नेली, त्यांतली सुमारे १९ हजार वाटेतच मेली. पैसा त्याने ब्रिस्टलमध्ये शाळांना, वृद्धाश्रमांना, चर्चना दिला. त्यामुळे शहराला तो दानशूर म्हणून ठाऊक. रस्ता त्याच्या नावाचा, शाळा त्याच्या नावाची होती, सभागृहही त्याच्या नावाचं होतं.

भाचीने पहिल्यांदा नेलं ते टॉमस लेन या बोळात, ‘सेव्हन स्टार्स’ नावाच्या दारूच्या गुत्त्यात. छोटंसं, अंधारं, लाकडी. बाहेर भिंतीवर पाटी आहे. १७८७ साली टॉमस क्लार्कसन नावाचा सत्तावीस वर्षांचा पदवीधर घोड्यावरून ब्रिस्टलला आला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुरावा गोळा करायचा होता आणि धंद्यातलं कुणी त्याच्याशी बोलायला तयार नव्हतं. या गुत्त्याचा मालक, थॉम्पसन, त्याला मध्यरात्रीनंतर मार्श स्ट्रीटवरच्या गुत्त्यांतून हिंडवायचा. तिथे खलाशांना पाज-पाज पाजून, कर्जात अडकवून गुलामांच्या जहाजांवर ढकललं जाई. शुद्धीत असलेला खलाशी त्या जहाजावर सहसा जात नसे. क्लार्कसनने जहाजांच्या हजेरीपटांवरून हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की या धंद्यात खुद्द गोरे खलाशीच इतर व्यापारांपेक्षा किती तरी अधिक संख्येने मरतात. आफ्रिकी माणसांच्या मरणाने ज्या खासदारांचं मन हललं नसतं, त्यांच्यासाठी हा आकडा होता.

पुढे १७९१ पासून इंग्लंडभर लाखो लोकांनी वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य केली. ‘बॉयकॉट’ हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो आयर्लंडमधून १८८० मध्ये आला. शब्द नसताना बहिष्कार घातला गेला, आणि तो घातला घरात चहा करणाऱ्या बायकांनी. ब्रिस्टलमध्ये घरोघर दूध घालणारी अ‍ॅन यिअर्स्ली ही बाई तर १७८८ सालीच या व्यापाराविरुद्ध दीर्घ कविता लिहून मोकळी झाली होती. ज्या शहराच्या पोटात हा धंदा होता, त्याच शहरात.

गुत्त्यापासून पाच मिनिटांवर ब्रिस्टल ब्रिज. हल्ली त्यावरून बस जाते, आणि थांबून बघावं असं काही नाही. पण टोलशी झगडलेल्या कोल्हापूरच्या माणसाने इथे थांबावं. १७९३ साली इथे टोलवरून दंगल झाली. पुलाचा टोल अमुक मुदतीनंतर बंद होणार, असा लोकांचा पक्का समज होता. विश्वस्तांनी तो पुढे चालू ठेवला. लोकांनी नाक्याची फाटकं जाळली. ३० सप्टेंबरला सैन्याने गर्दीवर गोळ्या झाडल्या. ११ माणसं मेली, ४५ जखमी झाली. टोल त्यानंतर गेला तो गेलाच.

तिथून क्वीन स्क्वेअर. मोठा, देखणा चौक. भोवती व्यापाऱ्यांची एकसारखी घरं, मधोमध घोड्यावर बसलेला राजा तिसरा विल्यम. आम्ही गेलो तेव्हा ऑफिसातली माणसं गवतावर बसून सँडविच खात होती. नीट पाहिलं की लक्षात येतं, चौकाच्या दोन बाजू उरलेल्या दोन बाजूंशी जुळत नाहीत. त्या दोन बाजू १८३१ मध्ये जळाल्या.

तेव्हा ब्रिस्टलची वस्ती एक लाखाच्या वर आणि मताचा हक्क असलेले जेमतेम सहा हजार. मताधिकार वाढवणारं रिफॉर्म बिल लॉर्ड्सच्या सभागृहाने ऑक्टोबरात फेटाळलं. त्याला कडाडून विरोध करणारे सर चार्ल्स वेदरेल हेच ब्रिस्टलचे न्यायाधिकारीही होते. संसदेत त्यांनी ठोकून दिलं होतं की ब्रिस्टलच्या लोकांना हा कायदा नकोच आहे. २९ ऑक्टोबरला हे गृहस्थ इथे न्यायसत्र उघडायला आले. गर्दीने चौकातल्या महापौरांच्या निवासाला वेढा घातला आणि वेदरेल छपरांवरून पळाले. पुढचे दोन दिवस शहर जमावाच्या हातात होतं. महापौरांचं निवासस्थान, जकात कचेरी, बिशपचा वाडा, तुरुंग, सगळं पेटलं. तळघरातली दारू पिऊन झिंगलेली माणसं त्याच आगीत जळाली. कर्नल ब्रेअरटनने गर्दीवर हल्ला चढवायला टाळाटाळ केली; पुढे लष्करी न्यायालयात खटला चालू असताना त्याने स्वतःला गोळी घातली. चौघांना फाशी झाली. पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, रिफॉर्म बिलाचा कायदा झाला.

त्या वेळी इंग्लंडमध्ये एक बंगाली गृहस्थ या विधेयकाच्या बातम्यांवर डोळे लावून बसले होते: राजा राममोहन रॉय. विधेयक पडलं तर इंग्लंडशी संबंधच तोडायचा, इथवर त्यांची तयारी होती. सतीबंदीविरुद्ध सनातन्यांनी प्रिव्ही कौन्सिलकडे केलेलं अपील १८३२ साली फेटाळलं गेलं, तेही त्यांच्या इंग्लंडमधल्या मुक्कामातच. १८३३ च्या सप्टेंबरात ते ब्रिस्टलला स्नेह्यांकडे आले, तापाने आजारी पडले आणि २७ तारखेला गेले. कॉलेज ग्रीनवर, कॅथीड्रलपाशी, त्यांचा पुतळा आहे. अंगात चोगा, डोक्याला पागोटं. हा पुतळा मात्र कुणी पाडायला आलं नाही.

पुतळ्यावरून चढणीच्या पार्क स्ट्रीटला लागून, ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर ७ क्रमांकाचं घर आहे. जॉर्जियन हाउस म्हणून ते बघायला खुलं असतं, तिकीट नाही. जॉन पिनी या साखरवाल्याचं हे घर. नेव्हिस बेटावर त्याचा मळा होता. स्वयंपाकघरात तांब्याची पातेली टांगलेली, लिहायच्या टेबलाला चोरकप्पे, तळघरात थंड पाण्यात डुंबायचं दगडी कुंड. आणि वर एका खोलीत पेरो नावाच्या माणसाची हकीकत. पिनीने त्याला बारा वर्षांचा असताना दोन बहिणींसह विकत घेतलं आणि १७८३ मध्ये नोकर म्हणून ब्रिस्टलला आणलं. मालकाची दाढी करायची, कपडे काढून द्यायचे, निरोप पोचवायचे. पंधरा वर्षांनी तो इथेच मेला.

मी ते कुंड बघत उभी होते तेव्हा भाची म्हणाली, “एक जोड सांगू? १८३१ ला जळालं ते महापौरांचं घर. महापौर कोण होते माहितीय? याच पिनीचा मुलगा. चार्ल्स पिनी.”

१८३३ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातली गुलामी रद्द करणारा कायदा झाला, तेव्हा दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर झाली. गुलामांना नव्हे, मालकांना. चार्ल्स पिनीही त्या यादीत होता. त्या भरपाईसाठी सरकारने काढलेलं कर्ज ब्रिटिश करदात्यांनी फेडून संपवलं ते २०१५ साली. मला या घरात जोतीराव फुले आठवले. ‘गुलामगिरी’ त्यांनी १८७३ साली अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुण्यात बसून ज्या माणसाने शूद्रातिशूद्रांचं दुःख आणि अटलांटिकपलीकडच्या गुलामांचं दुःख एका दोरीत ओवलं, त्याला या घराचा चोरकप्पा आणि तळघर बघून नवल वाटलं नसतं.

उतरून पुन्हा पाण्यापाशी आलो. बंदरावर दोन मोठी शिंगं उगारल्यासारखा एक पादचारी पूल आहे. १९९९ मध्ये त्याला नाव दिलं ‘पेरोज ब्रिज’. मालकाच्या नव्हे, नोकराच्या नावाचा पूल. तिथून थोडंसं चाललं की कोल्स्टनचा रिकामा चौथरा.

हा पुतळा कोल्स्टन मेल्यानंतर लगोलग उभारलेला नव्हता. तो १८९५ चा, म्हणजे मृत्यूनंतर १७४ वर्षांनी. त्याच्या आधीची काही वर्षं शहरात संपांमागून संप झाले होते. अशा वेळी शहराला एक दानशूर पूर्वज दाखवून देणं सोयीचं असतं. वर्गणी मात्र पुरेशी जमली नव्हती. शंभर वर्षं तो शांतपणे उभा राहिला. १९९० नंतर लोकांनी विचारायला सुरुवात केली. पत्रं लिहिली, सह्यांचे अर्ज दिले, पुतळ्यावर रंगाने ‘गुलामांचा व्यापारी’ असं लिहिलं. मग ठरलं की पुतळा राहू दे, खाली खरा इतिहास सांगणारी दुसरी पाटी लावू. २०१८ मध्ये त्या पाटीच्या मजकुरावर वाद सुरू झाला. कुठला शब्द ठेवायचा, कुठला गाळायचा, मेलेल्यांत मुलं होती हे लिहायचं की नाही. मसुद्यावर मसुदे झाले आणि पाटी कधी लागलीच नाही.

७ जून २०२० ला अमेरिकेतल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येच्या निषेधाचा मोर्चा इथून गेला. दहा हजारांच्या आसपास माणसं. काहींनी दोर टाकला, पुतळा खाली आला, रस्त्यावरून लोळवत पाण्यापर्यंत नेला आणि पेरोच्या पुलाजवळ आत ढकलला. बंदराचा काठ आणि ढकलणं, मराठीत ‘धक्का’ हा एकच शब्द या दोन्ही गोष्टींना पुरतो. भाऊच्या धक्क्याशी वाढलेल्या मला हे इथे येऊन सुचावं याचं हसू आलं.

चौघांवर खटला चालला. जानेवारी २०२२ मध्ये पंचांनी त्यांना निर्दोष सोडलं. कोल्स्टनच्या नावाच्या सभागृहाचं नावही बदललं. आणि पुतळा चार दिवसांनी पाण्यातून काढला, तेव्हा त्यातून दोन वस्तू निघाल्या. एक सायकलचा टायर, तो बंदराने दिलेला. दुसरं, ‘टिट-बिट्स’ नावाच्या मासलेवाईक साप्ताहिकाचा १८९५ चा गुंडाळलेला अंक. त्यावर पुतळा बसवणाऱ्या कामगारांनी आपली नावं हाताने लिहून ठेवली होती. बाहेर चौथऱ्यावर कोल्स्टनची थोरवी कोरलेली आणि आत, कुणाला कळू न देता, हमाली करणाऱ्यांची नावं. सव्वाशे वर्षं ती तिथे होती. पुतळा पडला नसता तर आजही तिथेच असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंट पॉल्स. वेस्ट इंडीजमधून आलेल्यांची ही जुनी वस्ती. २ एप्रिल १९८० ला इथल्या एका कॅफेवर पोलिसांची धाड पडली आणि वस्ती उसळली. १३० जणांना पकडलं, १६ जणांवर दंगलीचा खटला भरला, एकालाही शिक्षा झाली नाही. घरांच्या उंच भिंतींवर इथल्या कार्यकर्त्यांची मोठमोठी चित्रं आहेत. ‘सेंट पॉल्सचे सात संत’ म्हणतात त्यांना. त्यांत रॉय हॅकेट आहेत, ओवेन हेन्री आहेत. दोघे जमैकाचे. त्यांच्यासाठीच मला इथे यायचं होतं.

गोष्ट १९६३ ची. ब्रिस्टलच्या बसमध्ये काळ्या माणसाने कुठेही बसावं, बंदी नव्हती. बसमध्ये त्याने ड्रायव्हर किंवा कंडक्टर मात्र व्हायचं नाही. माणसं कमी पडत होती, तरी नाही. यात बस कंपनी जितकी सामील, तितकीच कामगारांची संघटना; तसा ठराव तिने १९५५ मध्येच केला होता. आधी अर्ज झाले, बैठका झाल्या, वर्तमानपत्रात छापून आलं, काही हललं नाही. मग पॉल स्टीफन्सन नावाच्या तरुण शिक्षकाने गाय बेली या अठरा वर्षांच्या मुलासाठी फोन करून मुलाखत ठरवली. मुलगा शिकलेला, क्रिकेट खेळणारा, चर्चच्या कवायत-पथकातला. तो काळा आहे हे कळताच मुलाखत रद्द. एप्रिलच्या अखेरीला बसवर बहिष्कार सुरू झाला. हॅकेट आणि मंडळी रस्त्यात आडवी बसून बस अडवत. विद्यापीठाची पोरं मोर्च्याने आली. त्रिनिदादचे उच्चायुक्त उघडपणे या बाजूला उभे राहिले. ते म्हणजे लिअरी कॉन्स्टंटाइन, वेस्ट इंडीजचा एके काळचा झंझावाती अष्टपैलू!

२८ ऑगस्ट १९६३ ला कंपनीने बंदी उठवल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं. आणि गुलामीबंदीच्या कायद्यावर राजाची सही झाली होती तीही २८ ऑगस्टलाच, बरोबर १३० वर्षांपूर्वी. सप्टेंबरात ब्रिस्टलच्या बसवर पहिला गोरेतर कंडक्टर चढला. तो जमैकाचा नव्हता. तो रघबीर सिंग नावाचा शीख होता.

मी भाचीला म्हटलं, “या गावात बंड अचानक होतच नाही. आधी अर्ज असतो.”

“आणि अर्ज कुणी वाचत नाही,” ती म्हणाली.

टोलचं तेच, मताचं तेच, बसचं तेच, पाटीचं तेच. बाहेरून बघणाऱ्याला फक्त आग दिसते, धक्का दिसतो. तो देणारी माणसं बहुधा चांगली दहा-वीस वर्षं रांगेत उभी राहिलेली असतात.

शेवटी बसने आर्नोस व्हेलच्या दफनभूमीत गेलो. उतारावर दाट झाडी, वेलींनी गिळलेल्या कबरी. ही जागासुद्धा इमारतींखाली जायची वेळ आली होती. आसपासच्या लोकांनी वर्षानुवर्षं भांडून ती राखली. प्रवेशद्वारापासून जवळच राममोहन रॉय यांची समाधी आहे. द्वारकानाथ टागोरांनी १८४३ मध्ये त्यांचा देह इथे आणवला आणि वर छत्री उभारली. खांब, महिरपी, घुमट, सगळं आपल्याकडचं. पण दगड इंग्लंडच्या पावसाने काळवंडलेला. पायरीवर कुणीतरी झेंडूची फुलं ठेवली होती, दुकानातल्या प्लास्टिकसकट. राममोहन यांचे स्नेही पाद्री कार्पेंटर यांची मुलगी मेरी, राममोहन गेले तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिने पुढे इथे अनाथ आणि गुन्ह्यांत सापडलेल्या पोरींसाठी सुधारगृह काढलं आणि १८६६ मध्ये, साठीला टेकल्यावर, भारत गाठला. मुलींच्या शाळा हव्यात, शिक्षिका तयार करायला हव्यात, असं ती मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत सांगत फिरली. अर्ज घेऊनच.

परतीच्या बसला गर्दी होती. ब्रिस्टलमध्ये बसमधून पुढच्या दाराने उतरतात, आणि उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला म्हणतो, “चिअर्स, ड्राइव्ह!” शाळेची पोरं म्हणतात, काठी टेकत उतरणारी आजी म्हणते, कानात गाणी घातलेला तरुणही न बघता म्हणतो. या शहराची ही खास खूण आहे म्हणे. आमचा थांबा आला, पुढे सरकले, भाचीच्या मागोमाग मीही मोठ्याने म्हणाले आणि उतरले. बस निघून गेली.

फुटपाथवर आल्यावर लक्षात आलं. सकाळपासून रघबीर सिंगांची गोष्ट डोक्यात घोळवत होते, आणि ड्रायव्हर कोण होता, बाई की पुरुष, कुठल्या मुलखाचा, ते बघायचं राहूनच गेलं होतं.